सलाइनवरची गाडी

घट बसायचे दिवस जवळ आले की माझं डोकं फिरायला लागतं. पाऊस ओसरलेला असतो, ऊन एकदम चावरं झालेलं असतं, गच्चीवर धुतलेल्या गोधड्या वाळत असतात आणि समोरच्या वहिनी विचारतात, "यंदाचे नऊ रंग कळले का गं?" त्यांना या दिवसांत नऊ रंगांच्या साड्या आठवतात. मला पेट्रोल आठवतं.

पेट्रोल, तापलेलं ॲल्युमिनियम आणि घरातून येणारा तेलाच्या दिव्याचा वास. हे तिन्ही वास एकत्र यायचे ते आमच्या भिंगारच्या घराच्या परसात, आणि तेही वर्षातून एकदाच, नवरात्रात. आत देवघरात घट बसलेला, नऊ दिवस न विझणारा दिवा लावलेला. आणि बाहेर फरशीवर मोटरसायकलची टाकी काढून ठेवलेली. दिवा आणि पेट्रोल एका घरात नांदत असल्यामुळे आई परसदाराच्या उंबऱ्यावर रांगोळीची एक रेघ ओढायची आणि नानांना बजावायची, "ह्या रेघंच्या आत पेट्रोल आनायचं न्हाई. आनलं तर मी पुनतांब्याला निगाले."

पुणतांबा म्हणजे आईचं माहेर. ती कधी निघाली नाही आणि नानांनी रेघ कधी ओलांडली नाही.

नाना म्हणजे माझे वडील. मूळचे पारनेर तालुक्यातले, पण शेतीत मन रमलं नाही म्हणून नगरला लागून असलेल्या भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले. वर्दीवाल्यांच्या गर्दीत पांढरा शर्ट घालून फायली पुढे सरकवणारा माणूस. बोलणं मात्र शेवटपर्यंत गावचंच राहिलं. या माणसाला यंत्रांचं वेड कुठून लागलं, देव जाणे. एका मेजरसाहेबांची लांब बदली झाली तेव्हा त्यांनी परदेशातून आणलेली लाल मोटरसायकल इथेच सोडायची ठरवली, आणि नानांनी घरात कुणाला न विचारता ती घेऊन टाकली. आई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र टाकीवर बसून जेवले, असं म्हणतात. मी फार लहान होते.

ती गाडी साधी नव्हती. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना एक सिलिंडर आणि एक कार्बोरेटर असतो. हिला दोन सिलिंडर होते, शेजारी शेजारी, आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल कालवून भरवणारा. दोघांनी सारखं भरवलं तर गाडी अशी चालते की हँडलवर ठेवलेलं बोरसुद्धा पडणार नाही. पण वर्षभरात त्यांच्यातलं थोडं बिनसतंच. एक पुढे पळतो, दुसरा मागे रेंगाळतो. मग उभ्या जागी गाडी थडथडते, तळहाताला मुंग्या येतात आणि सिग्नलला थांबल्यावर मधूनच बंद पडते. दोघांना पुन्हा सारखं करायचं, त्याला नाना 'बॅलन्स करणं' म्हणायचे. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली असायची, म्हणून ते काम नवरात्रात निघायचं. आणि ते खंडेनवमीच्या आत संपवावं लागायचं, कारण खंडेनवमीला पाने, पकड, स्क्रू-ड्रायव्हर सगळे हळदकुंकू लावून पाटावर बसायचे. एकदा पूजेला बसलेल्या हत्याराला नाना दसरा होईपर्यंत हात लावत नसत. दसऱ्याला मात्र झेंडूचा हार घातलेली गाडी घेऊन पारनेरकडे गावी जायचंच, आपट्याची पानं वाटायला. सगळ्या भाऊबंदांच्या अंगणात ती उभ्या जागी न थडथडता, एका लयीत वाजली पाहिजे. नानांची सगळी इज्जत त्या आवाजात होती.

या कामाला घड्याळासारखे काटे असलेलं यंत्र मिळतं म्हणे. आमच्याकडे सलाइनची नळी होती. ओळखीच्या कंपाउंडरकडून नाना नवी नळी आणायचे, एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बांधायचे आणि तिच्या तळाशी निळं ऑइल भरायचे. नळीचं एक टोक डाव्या सिलिंडरच्या बाजूला, दुसरं उजव्या. इंजिन चालू झालं की दोन्ही बाजू हवा ओढतात. जी जास्त ओढेल तिकडे ऑइल चढतं. दोन्हीकडे ऑइल एका रेषेत आलं की समजायचं, दोघांचं जुळलं. टाकी काढलेली असल्यामुळे पेट्रोल द्यायचं ते सलाइनच्या रिकाम्या बाटलीतून, आणि ती टांगायची कपडे वाळत घालायच्या खांबाला. गाडी एका जागी उभी असल्याने इंजिन तापतं, म्हणून समोर घरातला टेबलफॅन. वर बाटली, खाली नळ्या, समोर पंखा. आई दारातून बघायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, "कसं हाय पेशंटचं? कवा सोडनार घरी?"

पहिल्या वर्षी पेशंट जाता जाता वाचला. सलाइनच्या नळीला थेंब कमी-जास्त करायचं एक छोटं चाक असतं, ते आवळून ठेवायचं हे नानांना माहीत नव्हतं. गाडी चालू केली आणि सगळं ऑइल एका घोटात इंजिनात गेलं. असा पांढरा धूर निघाला की मागच्या गल्लीतले चाचा बादली घेऊन धावत आले. नाना धुरातून खोकत ओरडत होते, "काय न्हाई, काय न्हाई, बॅलन्स चाललाय!" चाचा बादली खाली ठेवून बराच वेळ हसले. पुढे कितीतरी वर्षं भेटले की विचारायचे, "क्या नाना, बॅलन्स हुआ क्या?"

आता मुद्द्याचं. दोन कार्बोरेटरच्या मधे एक स्क्रू असतो. तोच फिरवायचा. पण तो इतक्या आत, इतक्या अडचणीत की नानांची बोटं तिथे पोचायचीच नाहीत. फायली सरकवणाऱ्या माणसाची बोटं एवढी जाड कशी, याचं मला नेहमी नवल वाटायचं. ते सगळीकडून हात घालून बघायचे, चटके बसायचे, शिव्या द्यायचे, मग इंजिन बंद करून निवेपर्यंत उन्हात बसायचे. मी आठवीत असेन. तशाच एका चटक्यानंतर मी म्हणाले, "मी घालू का हात?" आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत घातला. आखूड स्क्रू-ड्रायव्हर दोन बोटांत धरून बोट वाकडं करायचं, डोळ्यांनी काही दिसत नाही, नखाला खाच लागली की समजायचं. लागली.

"मागं," नाना नळ्यांकडे बघत म्हणाले. "आजून मागं. हळू. बास. बास, बास, बास!"

ऑइलचे दोन्ही काठ एका रेषेत आले होते. पण ते मी नंतर बघितलं. आधी मला ऐकू आलं. इतका वेळ दोन माणसं एकमेकांचं न ऐकता बोलत होती, आणि अचानक एकच माणूस बोलायला लागला, तसा तो आवाज बदलला. नानांनी मागे जाऊन दोन सायलेन्सरांच्या तोंडाशी दोन तळहात धरले. दोन्हींवर सारखा मार बसत होता. त्यांनी मला बोलावलं, माझे हात धरून तिथे ठेवले. गरम वाऱ्याचे एकसारखे टोले. मला रडू आलं होतं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी ते काम माझं झालं. नाना नळ्या बांधायचे, बाटली टांगायचे, पंखा लावायचे आणि मग हाक मारायचे, "मने, ये गं! तुज्या बोटाबिगर ह्यो गडी ऐकत न्हाई." पुढे पुढे मला नळ्यांकडे बघावंच लागेना. गाडी चालू झाली की मी डोळे मिटून सांगायचे, "उजवा पुढं पळतोय, नाना." मग ते ऑइल बघायचे आणि मान हलवायचे. एका वर्षी इंजिनाच्या तापलेल्या पात्याला बोट चिकटलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पांढरा डाग राहिला. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी तो बघून विचारलं, "हे कुठं गं भाजलं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पोळ्या करताना." मी आईकडे बघितलं. ती रुखवताकडे बघत होती.

नानांना मी एकटीच. लोक हळहळायचे, कचेरीतले, गावचे. नाना छाती पुढे काढून सांगायचे, "कोन म्हनतं मला मुलगा न्हाई? ही काय. मुलगी न्हाई ही, मुलगाच हाय माझा." मी लाजायचे आणि मनातून फुगायचे. कॅन्टोन्मेंटच्या रिकाम्या रस्त्यांवर, कडुलिंबांच्या सावलीतून त्यांनी मला ती गाडी चालवायला शिकवली. सकाळच्या कवायतीचे आवाज मैदानावरून यायचे, मी पुढे आणि ते मागे बसलेले. म्हणायचे, "लायसन निगालं की ही तुज्या नावावर." लायसन निघालं. मग म्हणाले, कॉलेज होऊ दे. मग म्हणाले, नोकरी लागू दे. मला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीही लागली. नावावर करायचं काय एवढं, गाडी तुझीच हाय की, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटायचं. बापाकडून लिहून घ्यायचं असतं का कधी?

ते वाक्य मात्र मी नंतर फार उलटसुलट करून पाहिलं. मुलगी नाही, मुलगाच आहे माझा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी त्यांनी एक जागा धरून ठेवली होती. मला वाटत होतं, त्या जागेवर मी बसलेय. मी रुमाल होते.

लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. आमच्याकडे जावयाला पहिल्या दिवाळीला बोलावतात, अभ्यंगस्नान घालतात, काहीतरी भारी वस्तू देतात. अंगठी, घड्याळ, जे जमेल ते. त्या वर्षी नव्या सासरी नवरात्र कसं गेलं कळलं नव्हतं. गाडीला हातच लागला नव्हता, आणि मी प्रवासभर ठरवत होते की या दिवाळीत तरी नानांना म्हणावं, चला, बसू या. पाडव्याच्या सकाळी प्रशांत पाटावर बसला. प्रशांत म्हणजे माझा नवरा, संगमनेरचा, दूध संघात नोकरीला. मी त्याला ओवाळत होते. भिंगारचे शेजारी, गावचे काका-काकू, सगळे दाटीवाटीने उभे. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. माझे दोन्ही हात ताटाला. नाना पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातल्या ताटात गाडीची किल्ली ठेवली.

अगदी खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, ती माझी आहे. एवढ्या सगळ्यांसमोर, शेवटी. मी हसून वर बघितलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते.

"पाव्हनं," ते म्हणाले, "आजपासनं ही तुमची. जीव हाय माझा तिच्यात. सांबाळा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "काळीज काडून दिलं की वो नानानं." प्रशांत गोंधळून उभा राहायला लागला, "अहो नाना, एवढं कशाला?" आणि नानांचे डोळे भरून आले. माझ्या हातातलं ताट तिरकं झालं आणि तेल किल्लीवर सांडलं. ते पुसायला मीच पदर पुढे केला.

संध्याकाळी मी परसात नानांना गाठलं. "ती माझी होती ना?" एवढंच म्हणाले.

त्यांना खरोखरच कळलं नाही. "मग कुटं गेली? तुज्याच दारात उबी ऱ्हानार की. तुला देली काय न् त्यांना देली काय. आगं, तुला देली आसती तर लोक म्हनले आसते, जावयाला कोरडाच धाडला."

या माणसाने माझं सगळं लहानपण एका नळीच्या दोन बाजूंमधला केसाएवढा फरक शोधण्यात घालवलं होतं. त्याला हा फरक दिसला नाही.

प्रशांत वाईट माणूस असता तर हे लिहिणं सोपं झालं असतं. तो चांगला आहे. गाडीवर कव्हर घालतो, रविवारी पुसतो, आणि "तू चालव ना" असं त्याने मला अनेकदा म्हटलंय. मी "नको" म्हणते. त्याला वाटतं, मला मोटरसायकली आवडत नाहीत. दरवर्षी पावसाळा संपला की गाडी थडथडायला लागते. तो संगमनेरच्या मेकॅनिककडे नेतो. मेकॅनिक कानाने अंदाज घेऊन काहीतरी फिरवतो, महिनाभर बरी चालते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता मला खालून आवाज येतो आणि कुठली बाजू पुढे आहे ते मला कळतं. मी सांगत नाही.

का सांगत नाही? कारण मला ते नानांकडून हवं आहे. माझा हट्ट म्हणा. नानांनी एकदा, फक्त एकदा फोनवर म्हणायचं, "पाव्हनं, मनूला विचारा, तीच करायची ते." बस. गाडी नको, नाव नको, काही नको. एवढं एक वाक्य. घट बसले की नानांचा फोन येतो, आणि मी दरवेळी वेड्यासारखी वाट बघते. "काय मने, बरी हाय का? जावईबापूंना दे जरा." मी फोन देते. मग आतल्या खोलीतून प्रशांतचं ऐकू येतं, "हो नाना. हो. नाही, थोडी थडथडतेच. हो, दाखवतो."

या वर्षी प्रशांतच म्हणाला, "आपण गाडीवरच जाऊ भिंगारला. नानांकडून शिकूनच घेतो एकदाचं." मी मागे बसले. संगमनेरहून नगरपर्यंत पायांच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पाट्यांवर नवं नाव दिसतं, पण रस्ता तोच आणि त्याच्या कडेची वाळत घातलेली बाजरीची कणसं तीच. राहुरीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा गाडी उभ्या जागी अशी हलत होती की टपरीवाला म्हणाला, "दादा, हिला थंडी वाजतीया का?" प्रशांत हसला. उजवा पुढे पळत होता. फार नाही, अर्धा फेरा.

नाना आता थकलेत. कानात मशीन आहे, हाताला कंप आहे. पण गाडीचं म्हटल्यावर एकदम ताठ झाले. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर परसात सगळा पसारा मांडला. आईने उंबऱ्यावर रेघ ओढली. गाडी सुरू झाली, उजवीकडचं आणि डावीकडचं ऑइल खालीवर झालं, आणि मी तुळशीपाशी उभी राहिले. लाजच वाटली मला माझी. या वयात, केस पिकायला लागल्यावर, परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखी मी उभी होते. आता स्क्रूपाशी येतील. आता त्यांना आठवेल. आता हाक मारतील.

प्रशांतने विचारलं, "नाना, हा स्क्रू तुम्ही फिरवायचात कसा? बोटच जात नाही आत."

"आवो, लई बारीक काम," नाना म्हणाले. "सवय लागती. मी एकट्यानंच करायचो समदं. शांतपनी बसायचं, नळीवर डोळा, बोट आत." मग माझ्याकडे बघून मायेने हसले. "ही उजेडाला बॅटरी धरायची. आगदी हलायची न्हाई. व्हय ना गं मने?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. खोट्याशी भांडता येतं. पण तो चेहरा निष्पाप होता. जावयाला किल्ली दिली तेव्हापासून ते ही गोष्ट अशीच सांगत आले असणार, आणि सांगता सांगता ती त्यांना तशीच आठवायला लागली असणार. बॅटरी आमच्याकडे तेव्हा नव्हतीसुद्धा. भर उन्हात चालायचं ते काम.

आई चहा घेऊन रेघेपाशी आली होती. तिने ऐकलं. तिने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, मग नानांकडे. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता ही बोलेल. ती म्हणाली, "च्या घ्या. निवतोय."

"मने," नानांनी खिशातून छोटी बॅटरी काढून मला दिली, "आता मला दिसत न्हाई नीट. धर बरं, पयल्यासारकी."

मी धरली. ठीक त्या खाचेवर उजेड पाडला. प्रशांतने बोट घातलं, चटका बसून काढलं. पुन्हा घातलं. स्क्रू-ड्रायव्हर दोनदा खाली पडला. मग नाना वाकले, पण त्यांचा हात इतका थरथरत होता की टोक खाचेच्या आजूबाजूलाच फिरत राहिलं. खाच लख्ख दिसत होती. माझा हात तिच्यापासून वीतभर होता. "सरका, मी करते," एवढं म्हणायचं होतं. दोघेही सरकले असते. प्रशांतने कौतुक केलं असतं, आणि नाना म्हणाले असते, बघा, बघून बघून शिकली. नको होतं मला ते. इतकी वर्षं जे न मागता मिळावं म्हणून थांबले, ते हिसकून घेतल्यावर माझ्या काय कामाचं? मी तशीच उभी राहिले. हात अजिबात हलू दिला नाही.

शेवटी नाना पाठीला हात लावत उठले. घामाने त्यांचा सदरा भिजला होता. प्रशांतने इंजिन बंद केलं. आता परसात फक्त पंख्याचा आवाज होता.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," नाना म्हणाले. "आता ह्ये माज्याच्यानं हुईत न्हाई न् तुमच्याच्यानं बी न्हाई. तुमी एक करा, हे दोन्ही काडून एकच कार्बोरेटर टाका. आताशा बसवून देत्यात. एकाला बॅलन्सच लागत न्हाई."

"चालेल का तशी?" प्रशांतने विचारलं.

"पयल्यावानी न्हाई चालनार. पन चालंल. आन् हाय कोन आता करनारं?"

दोघेही खाली वाकून, कुठला भाग काढावा लागेल, नळी कुठे जोडावी लागेल, ते बघायला लागले. नाना बोटाने दाखवत होते, प्रशांत मान हलवत होता. त्यांना उजेड हवा होता आणि तो माझ्याकडून येत होता. आत देवघरात आई घटाला माळ घालत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मी बॅटरी बंद केली.

"आगं, उजेड कुटं गेला?" नाना म्हणाले आणि दोघांनी वर बघितलं. कितीतरी वर्षांनी नाना माझ्या हाताकडे बघत होते. बॅटरी बिघडली की काय, ते बघायला.